शहाण्याची पायरी

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आमच्या घरात देव्हाऱ्यातल्या शाळिग्रामाइतकी जुनी आहे. तिला कोणी प्रश्न विचारीत नाही. आजोबांनी ती म्हणत बांधावरचे दोन आंबे शेजाऱ्याला सोडले, वडिलांनी ती म्हणत बुडालेल्या ठेवीवर पाणी सोडले, आणि मी ती म्हणत आमच्या सौ.चा उजवा हात सोडला. हात जागेवर आहे. परंतु कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी पूर्वीची राहिली नाही, आणि ती कोणामुळे गेली याचा जाब मी कोणाला विचारला नाही. म्हणून या दिवाळीत, फराळाचे ताट पुढे असताना, मी त्या म्हणीशीच भांडण काढणार आहे. वाचकांनी चकली मोडता मोडता माझी बाजू ऐकून घ्यावी.

झाले ते असे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे नवा प्रेशर कुकर आला. चौथ्या महिन्यातल्या एका रविवारी त्याची शिट्टी झाली नाही, सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला नाही, उडाले ते झाकण. उकळती डाळ सौ.च्या हातावर आली. ती इस्पितळात असताना तिसऱ्या दिवशी आमचे थोरले काका भेटीस आले. म्हणाले, “जीव वाचला ना सूनबाईचा? मग झाले तर! ते अपशकुनी भांडे आधी घराबाहेर काढ.” मी काढले. भंगारवाल्याने ॲल्युमिनियमच्या भावाने पैसे मोजून दिले आणि मी ते घेतलेही. दुकानाची पावती खोक्याबरोबर केव्हाच रद्दीत गेली होती.

पुढे पुतणीने फारच आग्रह धरला म्हणून कंपनीला पत्र लिहिले. उत्तर अत्यंत सभ्य आले. झाल्या प्रकाराबद्दल खेद होता, आणि कुकर, झाकण, व्हॉल्व्ह व पावती तपासणीसाठी पाठवावी अशी विनंती होती. मी दावा लावण्यापूर्वीच हरलो होतो. मला हरवण्यासाठी कंपनीला वकीलही द्यावा लागला नाही. तिचे काम आमच्या म्हणीने फुकट केले.

म्हण खोटी आहे असे मी म्हणत नाही. ती भाऊबंदकीसाठी झालेली आहे. दोन सख्खे भाऊ वीतभर बांधासाठी वीस वर्षे तारखा घालतात आणि शेवटी बांधही जातो, शेतही जाते; त्यांना ती सांगावी आणि त्यांनी ती ऐकावी. पण जिथे एका बाजूला कारखाना आहे आणि दुसऱ्या बाजूला भाजलेला हात, तिथे तीच म्हण सांगणे म्हणजे पडलेल्याच्या छातीवर शहाणपणाचा दगड ठेवणे होय. अशा भांडणात दोघे गप्प बसले, तर फायदा एकाचाच होतो.

आता एका अशा बाईची गोष्ट सांगतो, जिला ही म्हण सुदैवाने ठाऊक नव्हती. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळ पेझली नावाचे गाव आहे. तिथल्या एका उपाहारगृहात १९२८ च्या ऑगस्टमध्ये मे डोनोह्यू ही दुकानात काम करणारी बाई मैत्रिणीबरोबर गेली. मैत्रिणीने तिच्यासाठी आल्याच्या पेयाची बाटली मागवली. बाटली अपारदर्शक काचेची. अर्धे पेय पिऊन झाल्यावर उरलेले ओतले, तेव्हा त्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, असे बाईचे म्हणणे. ती आजारी पडली. बाटली तिने विकत घेतलीच नव्हती. पैसे मैत्रिणीने दिले होते. मग कारखानदाराशी तिचा करार कुठला, आणि करार नाही तर हक्क कुठला, असा त्या काळचा रोकडा कायदा. तिने शपथेवर सांगितले की आपल्याजवळ पाच पौंडांचीही मालमत्ता नाही, आणि गरिबाची दावेदार म्हणून ती थेट लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेली. १९३२ साली पाच न्यायाधीशांपैकी तिघांनी तिच्या बाजूने कौल दिला. वस्तू वापरणाऱ्याला इजा होऊ नये याची काळजी घेणे हे ती बनवणाऱ्याचे कर्तव्य आहे. वापरणाऱ्याने ती स्वतः विकत घेतलेली असो वा नसो. लॉर्ड ॲट्किन यांनी प्रश्न विचारला तो एवढाच, की कायद्याच्या दृष्टीने माझा शेजारी कोण? आणि उत्तर दिले, की माझ्या कृत्याने ज्याला इजा होईल हे मला आधी दिसायला हवे, तो. गंमत अशी की ती गोगलगाय खरोखर बाटलीत होती की नाही, हे न्यायालयात अखेरपर्यंत सिद्ध झालेच नाही. तरी त्या अर्ध्या बाटलीने जगभरच्या बाटल्यांना धाक लावला. पायरी चढलेल्या एका बाईचे हे कर्तृत्व.

पैसे मैत्रिणीने दिले, ही गोष्ट लक्षात ठेवा. कारण आता मी तुम्हाला आमच्या मुलखात नेतो आहे. आमचे मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यातले. तिथे कपाशीवर कीटकनाशक फवारण्याला ‘औषध मारणे’ म्हणतात. विषाला औषध म्हणणारी आम्ही भाबडी माणसे! २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत हे औषध मारता मारता त्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले आणि शेकडो इस्पितळात गेले. कोणाची दृष्टी गेली, कोणी शुद्ध हरपून पडले. ज्याने पंप पाठीवर घेतला तो मजूर. बाटली विकत आणली ती मालकाने. बाटलीवरचा तांबडा वा पिवळा त्रिकोण पाहिला असलाच तर दुकानदाराने. मजुराला इस्पितळात विचारतात, ‘कोणते औषध मारत होतास?’ तो काय सांगणार? दोनतीन औषधे एका बादलीत कालवलेली, बाटल्या बांधावर फेकलेल्या, पावती असलीच तर मालकाच्या नावाची. माझा कुकर भंगारात गेला तो माझ्या मूर्खपणाने. त्याची बाटली कधी त्याच्या हातातच आलेली नव्हती.

मग काय झाले? सरकारने मृतांच्या कुटुंबांना दोन लाख रुपयांचे सानुग्रह अनुदान जाहीर केले. वाचकहो, हा शब्द एकदा सावकाश उच्चारून पाहा. सानुग्रह, म्हणजे अनुग्रहासहित, कृपापूर्वक. देव भक्तावर अनुग्रह करतो, गुरू शिष्यावर करतो. विधवेच्या हाती धनादेश देताना सरकार तिच्यावर कृपा करते! त्या दोन लाखांशी माझे भांडण नाही. चूल त्यांनी पेटली असेल. माझे भांडण त्या शब्दाशी आहे. कृपा करणाऱ्याला ‘हे कोणामुळे झाले’ असे विचारता येत नाही, आणि कृपा घेतलेल्याला पुढे बोलता येत नाही. भरपाई म्हणजे दान नव्हे, ते देणे आहे. वाण्याची उधारी फेडताना आपण त्याच्यावर अनुग्रह करतो काय?

यातली काही माणसे मात्र बोलली. २०२१ साली दोन विधवा आणि वाचलेला एक शेतकरी यांच्या वतीने स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरी, म्हणजे सिंजेंटा कंपनीच्या माहेरी, तिच्या ‘पोलो’ या कीटकनाशकाबाबत दावा दाखल झाला. कंपनीने जबाबदारी नाकारली. निकाल काय लागावा हे न्यायालयाचे काम. पण कपाशीच्या शेतातला माणूस स्वित्झर्लंडात जाऊन ‘तुमचा शेजारी कोण?’ असे विचारतो, हे मला आमच्या घराण्याच्या तीन पिढ्यांच्या शहाणपणाहून मोठे वाटते. आणि त्याला इतके दूर का जावे लागले, हेही विचारले पाहिजे. आपल्या १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात विषबाधेची खबर देण्याची तरतूद आहे. बाधा झालेल्याला भरपाई देण्याचे कलम नाही.

कोणी म्हणेल, गरिबाच्या वतीने सरकारनेच पायरी चढावी. तेही आपण करून पाहिले आहे. १९८४ च्या डिसेंबरात, दोन आणि तीन तारखेच्या मधल्या रात्री भोपाळात युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला. १९८५ साली कायदा करून सगळ्या पीडितांच्या वतीने दावा लढण्याचा अधिकार भारत सरकारने एकट्याकडे घेतला. अमेरिकेतल्या न्यायालयाने १९८६ साली दावा भारतात चालवा म्हणून सांगितले. इथे सुमारे ३३० कोटी डॉलर मागितले, आणि १९८९ च्या फेब्रुवारीत ४७ कोटींवर तडजोड झाली. ज्यांच्या फुप्फुसांचा तो सौदा होता, त्यांना आधी कोणी विचारले नाही. बहुसंख्य जखमींच्या वाट्याला आरंभी पंचवीस हजार रुपये आले. पुढे जास्त रकमेसाठी सरकार पुन्हा न्यायालयात गेले. २०२३ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती याचिका फेटाळली, आणि पीडितांसाठी विमा उतरवण्याचे राहून गेले याबद्दल सरकारलाच हलगर्जीचा ठपका दिला. दुसऱ्याच्या खांद्यावरून पायरी चढली की असे होते.

भोपाळनंतर वर्षभरात दिल्लीत एका कारखान्यातून ओलियम वायू सुटला. त्या प्रकरणी १९८६ च्या डिसेंबरात सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या पीठाने तत्त्व सांगितले, की धोक्याचा धंदा करून नफा मिळवणाऱ्याने त्यातून झालेल्या इजेची जबाबदारी पूर्णपणे उचलावी; आम्ही काळजी घेतली होती ही सबब चालणार नाही, आणि कारखाना जितका मोठा व सधन, तितकी भरपाई मोठी. इतके स्पष्ट तत्त्व पुष्कळ देशांत नाही. आमच्याकडे तत्त्वाची वाण नाही, ते मागणाऱ्यांची आहे.

आता काकांचा शेवटचा आक्षेप. ते म्हणतात, “पैसे मिळून हाताची कातडी परत येणार आहे का?” नाही येणार, काका. पण हिशेब असा आहे. चांगला व्हॉल्व्ह बसवायला कारखानदाराला चार पैसे जास्त पडतात. भाजलेल्या हाताचे त्याला काहीच पडत नसेल, तर वाईट व्हॉल्व्ह हा त्याचा नफा होतो. मी भरपाई मागितली नाही, म्हणजे मी उदार झालो नाही. मी त्याचा तो नफा माझ्या बायकोच्या कातडीने भरून दिला, आणि पुढचा तसाच कुकर कोणाच्या तरी सुनेच्या चुलीवर चढवला. आमच्या सोशिकपणाची किंमत नेहमी दुसराच कोणी मोजतो.

खटले रेंगाळतात, हे खरे. ग्राहक आयोगांतही तारखा पडतात. पण दार पूर्वीइतके उंच राहिलेले नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेबद्दल एक सबंध प्रकरण आहे. वस्तूची घडण सदोष असो, आराखडा सदोष असो, की वापराच्या सूचना अपुऱ्या असोत, उत्पादकाला जबाबदार धरता येते. तक्रार आपण राहतो त्या ठिकाणी करता येते. वकील दिलाच पाहिजे असे नाही. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. शोक करण्यात ती संपू देऊ नये.

म्हणून माझे मागणे दोन ठिकाणी आहे. सरकारकडे एवढेच, की सानुग्रह द्या, पण त्याने प्रकरण मिटले असे समजू नका. आणि कोणत्या बाटलीत काय होते हे सिद्ध करण्याचे ओझे बेशुद्ध पडलेल्या मजुरावर नको, ज्याने बाटली भरली आणि ज्याने ती विकली त्यांच्यावर टाका. माहिती त्यांच्या दप्तरात असते. आणि वाचकांकडे मागणे असे, की फुटलेले भांडे, रिकामी बाटली, तिच्यावरचे लेबल, दुकानाची पावती, इस्पितळाचा केसपेपर यांतले काहीही अपशकुनी नाही. घराबाहेर काढू नका.

परवा लक्ष्मीपूजनाच्या तयारीत वह्या मांडताना सौ.ने विचारले, “अहो, ही गॅसच्या शेगडीची पावती इथे देवाजवळ कशाला ठेवलीत?” मी म्हटले, “राहू दे. तीही वहीच आहे.” तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले, उजव्या हाताने पदर सावरला आणि त्या पावतीवरही हळदकुंकू वाहिले.