वारली चित्र गोदामात पोचतं, चित्रकार का नाही?

मुंबई-नाशिक महामार्गावरच्या माजिवडा ते वडपे या साधारण २४ किलोमीटरच्या टप्प्याचं रुंदीकरण कित्येक वर्षं चर्चेत आहे. वडप्याच्या अलीकडे-पलीकडे पत्र्याच्या गोदामांच्या रांगा लागतात. जवळच आमणे इथे ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग संपतो; त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ला खुला झाला. मुंबई-ठाण्याच्या दारांशी येणारे कुर्ते, साड्या, चपला, पडदे आणि उशांचे अभ्रे यांतले कितीतरी भिवंडीच्या या गोदामपट्ट्यातून निघतात. फॅशनविषयी बोलताना नजर नेहमी रॅम्पकडे जाते. पण कोणाच्या हाताला मोल मिळतं आणि कोणाचं नाव गळून पडतं, ते पाहायला वडप्याला थांबावं.

भिवंडी तालुक्याच्या अंगात दोन कला आहेत. एक मागाची. मोमीन विणकरांनी इथे हातमाग रुजवला, विसाव्या शतकात त्याची जागा यंत्रमागाने घेतली. आज शहरात मुख्यतः ग्रे, म्हणजे न रंगवलेलं कच्चं कापड निघतं. रंग, छपाई, शिलाई आणि ब्रँडची पट्टी हे सगळं बहुतेक वेळा दुसरीकडे होतं, आणि कापडाची किंमत चढते तीही तिथेच. दुसरी कला भिंतीवरची. भिवंडी, शहापूर, वाड्यापासून जव्हार-डहाणूपर्यंत पसरलेल्या वारली समाजाची.

या दोन कलांची एकदा खरीखुरी गाठ पडली होती, आणि ती घालून दिली होती सरकारनेच. मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात तेव्हा चित्रकारांना नोकरीवर घेतलं जाई, कारण मागाला नवी नक्षी हवी होती. के. जी. सुब्रमण्यन तिथे होते, पुढे प्रभाकर बरवेही. याच केंद्राशी जोडलेल्या भास्कर कुलकर्णींनी बिहारच्या दुष्काळात मिथिलेच्या बायकांच्या हाती चित्रांसाठी कागद दिला होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हस्तकलांच्या पाठीराख्या पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने ते डहाणूच्या पाड्यांवर गेले. तिथे त्यांना दिसल्या गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंती, आणि त्यांवर तांदळाच्या पिठात बांबूची काडी बुडवून सवाशिणींनी लिहिलेले लग्नचौक. चौकात पालघट देवी, भोवती झाडं, जनावरं, तारपा या वाद्याभोवतीचा फेर. लग्न लावणाऱ्या धवलेरीच्या गाण्यांशिवाय वारली लग्न पुरं होत नाही.

मुळात बायकांची असलेली ही कला गंजाडच्या जिव्या सोमा मशेंनी कागदावर आणली आणि रोजच्या चित्रकामाचा विषय केली. १९७६मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११मध्ये पद्मश्री. ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांनी त्यांच्यासोबत काम केलं. २००३मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला दोघांचं एकत्र प्रदर्शन भरलं. एकाचं नाव मोठं आणि दुसरा निव्वळ ‘लोककलाकार’, असा प्रकार तिथे नव्हता. २०१८मध्ये मशे गेले.

आज त्यांच्या त्रिकोणी माणसांची ओळ कपांवर, रिक्षांवर, पॉलिस्टरच्या ओढणीवर दिसते. छपाईच्या यंत्राला पालघट ठाऊक नाही, फेराची दिशा ठाऊक नाही. याला प्रसार म्हणणाऱ्यांशी प्रस्तुत लेखकाचा ठाम मतभेद आहे. पाड्यावर पैसा, नाव किंवा साधी विचारणाही पोचत नसेल, तर ती उचलेगिरी आहे.

मार्च २०१४मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकनाचा कायदा मुख्यतः नाव राखतो. ‘वारली’ हा शब्द टाळून तेच आकार छापणाऱ्याला त्याच्या जोरावर अडवणं कठीण. नाव राखण्याची ताकद मात्र किती असते, ते कोल्हापुरी चपलेने दाखवून दिलं. जून २०२५मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या रॅम्पवर अंगठ्याची चामडी चप्पल आणली आणि तिचं मूळ सांगितलं नाही. महाराष्ट्रातून ओरड झाल्यावर कंपनीने प्रेरणा मान्य केली. मुंबई उच्च न्यायालयाने याबाबतची जनहित याचिका फेटाळली, कारण दाद मागण्याचा हक्क मानांकनाच्या नोंदणीकृत मालकांचा. कोल्हापुरीचे हे मालक म्हणजे महाराष्ट्र आणि कर्नाटकाची चर्मोद्योग महामंडळं. डिसेंबरात प्राडाने त्यांच्याशीच करार केला: याच दोन राज्यांत २००० जोड बनणार, किंमत जोडामागे सुमारे ८०० युरो. चांभारवाड्यात त्यातलं किती उतरतं यावर लक्ष ठेवायलाच हवं. तरीही मालक कागदावर होता म्हणून कंपनीला बोलणी करायला कोणीतरी समोर सापडलं, हे महत्त्वाचं.

उलट, डिओरने मार्च २०२३मध्ये गेटवे ऑफ इंडियासमोर फॅशन शो केला, तेव्हा भरतकामाचं भव्य तोरण मुंबईच्या चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्टच्या कारागिरांनी केलं होतं आणि शाळेचं नाव जाहीरपणे घेतलं गेलं. म्हणजे मोठ्या फॅशन घराण्यांना श्रेय देणं जमतं.

मग गोदामांतून माल पाठवणाऱ्यांनाही जमेल. ऑनलाइन विक्रीत वस्तू कोणत्या देशात बनली हे दाखवणं कायद्याने बंधनकारक आहे. हातमागाच्या कापडासाठी २००६पासून हॅन्डलूम मार्क आहे. त्याच धर्तीवर ‘वारली’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या माहितीत ती हाताने रंगवली की यंत्रावर छापली, चित्र कोणाचं आणि त्याला मोबदला मिळाला का, हे लिहायला लावावं. भिवंडीच्या यंत्रमागवाल्यांनाही यात संधी आहे: निव्वळ ग्रे कापडावर जगण्यापेक्षा आपल्याच तालुक्यातल्या चित्रकारांशी करार करून, त्यांचं नाव छापून, तयार माल विकता येईल.

आणखी एक काम तर लगेच करता येण्याजोगं आहे. मानांकनाच्या नोंदवहीत चित्रकाराला स्वतःचं नाव अधिकृत वापरकर्ता म्हणून घालता येतं. पण पाड्यावरच्या बाईला चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाचे अर्ज कोण भरून देणार? ठाणे आणि पालघरच्या जिल्हा परिषदांनी तालुक्या-तालुक्यात शिबिरं घ्यावीत, शुल्क स्वतः भरावं, आणि चौक लिहिणाऱ्या सवाशिणींची नावं सर्वांत आधी नोंदवावीत.