आवाज कुणाचा?

फ्लोरिडातला जुलै म्हणजे आपला मे महिना, वर मुंबईचा दमटपणा आणि दुपारी न चुकता येणारा पाऊस. गेल्या वर्षी त्या जुलैत ऑर्लँडोच्या मॅजिक किंगडममध्ये ‘सेव्हन ड्वॉर्फ्स माइन ट्रेन’च्या रांगेत आम्ही पाच जण घामाने निथळत उभे होतो. आई, बाबा, मावशी, चौदा वर्षांचा मावसभाऊ आणि मी. वेटिंग टाइम ८५ मिनिटं. तेवढ्यात मागून टाळ्यांचा ठेका ऐकू आला, मग कोरसमध्ये ओरडणं, आणि मग एकदम पोपटी रंगाची लाट. चाळीस-पन्नास मुलंमुली, सगळ्यांच्या अंगात एकसारखे पोपटी टी-शर्ट, पाठीवर एकसारख्या सॅक आणि सगळ्यांत पुढे उंच काठीला झेंडा लावलेला एक दादा. कुणीतरी एक ओळ ओरडायचं, बाकीचे दुप्पट आवाजात उत्तर द्यायचे.

‘‘झालं! ब्राझीलवाले आले,’’ मावशी म्हणाली. आपण ‘‘झालं! लाइट गेले’’ ज्या सुरात म्हणतो ना, अगदी त्या सुरात.

मावशी वीस वर्षं टॅम्पाला राहते. तिथून ऑर्लँडो गाडीने दीडेक तासावर. तिच्या म्हणण्यानुसार तिथल्या लोकांना हे वेळापत्रक पाठ असतं. ब्राझील दक्षिण गोलार्धात, म्हणजे आपला पावसाळा हा त्यांचा हिवाळा. जुलैत शाळांना हिवाळ्याची सुट्टी, डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ्याची मोठी सुट्टी. या दोन्ही वेळांना तिकडून टूर कंपन्यांचे ग्रुप येतात आणि त्यात बहुतेक टीनएजर्स असतात. मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाचं तिकडे फार कौतुक. घरची ऐपत असली तर मोठी पार्टी, आणि हल्ली अनेक मुली पार्टीऐवजी डिस्ने ट्रिपच मागतात. आपल्याकडे दहावीला नव्वद टक्के पडले की आयफोन मागतात, तसंच म्हणा.

हे ऐकून मला ती मुलं जरा आवडायला लागली होती. तेवढ्यात ते घडलं.

आमच्या पुढे दोन पोपटी मुली आधीपासून उभ्या होत्या. मागच्या घोळक्याने त्यांना पाहिलं, हाका मारल्या आणि वीसेक जण हसत-खिदळत रेलिंगखालून वाकून सरळ त्यांच्यापाशी जाऊन उभे राहिले. आमच्या डोळ्यांदेखत. पाऊण तास उन्हात उभं राहून आम्ही जितके पुढे सरकलो होतो, तितके एका मिनिटात मागे गेलो. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडणार, इतक्यात मावशीने माझा दंड धरला. ‘‘बोलू नकोस. उगाच तमाशा नको.’’ आमच्या मागे खांद्यावर झोपलेलं पोर घेऊन उभा असलेला एक अमेरिकन बाबा मात्र बायकोला म्हणाला, ‘‘दीज पीपल!’’ आणि गंमत बघा, ते दोन शब्द ऐकून मावशी दचकली. त्याचा रोख आमच्याकडे नव्हता, तरीही.

कारण सकाळी पार्किंगमध्ये गाडी लावताना तिने आम्हाला रीतसर ब्रीफिंग दिलं होतं. आत मोठ्याने बोलायचं नाही. दशम्यांचा डबा सगळ्यांसमोर उघडायचा नाही. बाबांनी फोनवर ‘हॅलो’ ओरडायचं नाही. (बाबा फोनवर बोलतात तेव्हा समोरच्याला खरं तर फोनची गरज नसते, हा भाग वेगळा.) ‘‘एकाने केलं की सगळ्या इंडियन्सचं नाव होतं,’’ हे तिचं लाडकं वाक्य. त्यामुळे आम्ही चौघं दिवसभर हॉस्पिटलात असल्यासारखं कुजबुजत फिरत होतो. तेही अशा जागी, जिथे किंचाळण्यासाठी माणशी शंभर डॉलरच्या वर पैसे भरून लोक येतात! स्पीकर सतत वाजतायत, परेड चाललीये, रोलर कोस्टरवरून सामुदायिक किंकाळ्या येतायत. त्या सगळ्या गोंगाटाबद्दल रांगेतल्या कुणाची तक्रार नव्हती. ज्याचे शब्द कळत नव्हते, तेवढाच आवाज लोकांना टोचत होता.

माझं म्हणणं इथेच आहे. अशा ग्रुपबद्दल बोलताना आपण दोन गोष्टींची मिसळ करतो. रांग मोडणं आणि आवाज करणं. रांग मोडणं चूक आहे, कुठल्याही भाषेत, कुठल्याही वयात. त्यात ‘त्यांचं कल्चरच तसं’ म्हणून सूट देणं म्हणजे उलट त्यांना कमी लेखणं झालं. पण आवाजाचं तसं नाही. आवाजाबद्दल लोक बोलतात तेव्हा पुष्कळदा त्यांना म्हणायचं असतं, की ‘तुम्ही इथे कशाला आलात?’

हे ब्राझीलच्या पोरांच्याच वाट्याला आलंय असंही नाही. टूरिझमच्या पेपरसाठी वाचलं होतं ते इथे कामी येतंय म्हणून सांगते. थॉमस कुकने १८४१ मध्ये लेस्टरहून लफबरोला पाचेकशे लोकांची रेल्वे सहल नेली. पुढे तो इंग्रज मध्यमवर्गाला युरोपात न्यायला लागला, तर आधीपासून इटली फिरणाऱ्या उच्चभ्रू इंग्रजांनीच नाकं मुरडली, की हे काय कळपाने येतात! दुसऱ्या महायुद्धानंतर पाळी आली अमेरिकनांची. ‘द अग्ली अमेरिकन’ नावाची कादंबरी १९५८ मध्ये आली. ती खरं तर परराष्ट्र धोरणाबद्दल होती, पण ते नाव परदेशात आरडाओरडा करणाऱ्या अमेरिकन टूरिस्टला कायमचं चिकटलं. मग कॅमेरे लटकवून झेंड्यामागे चालणाऱ्या जपान्यांवर विनोद झाले. मग चिनी आले. २०१३ मध्ये चीनच्या पर्यटन खात्याने परदेशी जाणाऱ्या आपल्याच लोकांसाठी कसं वागावं याची पुस्तिका काढली. आणि २०१९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका हॉटेलात खास भारतीय पाहुण्यांसाठी लावलेल्या सूचनांचा फोटो व्हायरल झाला. कॉरिडॉरमध्ये शांत राहा, ब्रेकफास्टचं खाणं बरोबर नेऊ नका वगैरे. ज्या देशातल्या मध्यमवर्गाच्या हातात नवा पैसा येतो, तो आधी ग्रुपने फिरतो. एकट्याने जायला भाषा लागते, धीर लागतो. ग्रुपमध्ये झेंडा धरणारा दादा असतो. आपल्या आजीआजोबांनी युरोप पाहिला तो टूर मॅनेजरच्या मागे चालत आणि संध्याकाळी बसमध्ये अंताक्षरी खेळतच ना?

तर रांगेत. आकाश काळं झालं, गडगडाट सुरू झाला आणि राइड थांबली. तिकडे विजा चमकायला लागल्या की उघड्यावरच्या राइड बंद ठेवतात. बरेच लोक निघून गेले, आम्ही आणि पोपटी मंडळी आडोशाला उभे राहिलो. त्यांनी पुन्हा ओरडायला सुरुवात केली. मावशी आईशी बोलण्यात गुंतली आहे असं बघून मी त्यातल्या एका मुलीला इंग्रजीत सरळ विचारलं, की तुम्ही काय ओरडताय? तिचं इंग्रजी बेताचंच होतं, पण तिने समजावलं. पहिला म्हणतो, सगळ्यांत भारी बस कुठली? बाकीचे आपल्या बसचा नंबर ओरडतात. त्यांच्या टूरच्या चार बस होत्या, आणि दुसऱ्या बसवाल्यांपेक्षा आपला आवाज मोठा झाला पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

मला हसूच फुटलं. अहो, हे तर आपलं ‘अरे, आवाज कुणाचा?’ पुरुषोत्तम करंडकाला ज्यांनी भरत नाट्य मंदिरात एकदा तरी गळा फाडलाय, त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. पडदा उघडण्याआधीची ती पाच मिनिटं. नंतर तीन दिवस माझा आवाज बसला होता आणि त्याचा मला अभिमान होता.

मग मी तिला दुसरंही विचारलं. तुम्ही आमच्यापुढे घुसलात, ते? ती खरंच गोंधळली. मैत्रिणींनी जागा धरली होती, मग घुसलो कुठे? आता यावर काय बोलणार? एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या राज्यातून आलेली मी. तरीही म्हटलं, की दोन जणींनी वीस जणांची जागा धरायची नसते, मागे लहान मुलं आहेत. तिने मागे पाहिलं. खांद्यावरचं ते पोर या गोंगाटाने जागं होऊन रडत होतं आणि त्याचा बाबा घामाघूम झाला होता. तिने ओठ चावला, शेजारणीला काहीतरी सांगितलं. आवाज दोनेक मिनिटं कमी झाला, मग पुन्हा चढला. रांगेत ते होते तिथेच राहिले. चमत्कार वगैरे काही झाला नाही.

त्या बाबाचा चेहरा मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही, कारण तसा एक चेहरा माझ्या फोनमध्येच आहे. सेकंड इयरला आम्ही साठ जण खोपोलीजवळच्या थीम पार्कला गेलो होतो. एकसारख्या काळ्या हुडीज, पाठीवर बॅचचं नाव. बसमध्ये बोरघाटातच घसे बसले होते, तरी फूड कोर्टात टेबलं बडवून गाणी म्हटली. आयुष्यातला भारी दिवस! त्या दिवसाचा आमचा ग्रुप फोटो मी कितीतरी वेळा पोस्ट केलाय. अमेरिकेहून परतल्यावर तो एकदा झूम करून पाहिला. आमच्या मागच्या टेबलाशी एक बाई बसली आहे. मांडीवरच्या मुलाचे दोन्ही कान तिने हातांनी झाकलेत आणि ती थेट आमच्याकडे बघतेय. तिच्या शेजारी एक आजी अर्धवट ताट घेऊन उठतायत. हे सगळं आमच्या पाठीमागे दहा फुटांवर चाललं होतं आणि साठांपैकी एकालाही दिसलं नाही. आम्ही वाईट मुलं नव्हतो हो. पण साठ जण एकत्र असले की बाहेरचं जग ऐकूच येत नाही. एकटा माणूस ओरडला तर लोक त्याच्याकडे बघतात आणि तो ओशाळतो. साठ जणांकडे कुणी बघितलं तर ते हात हलवून ‘हाय’ करतात.

म्हणून त्या पोपटी पोरांना मी क्लीन चिट देत नाहीये. स्वतःलाही नाही. पण ‘दीज पीपल’ म्हणणाऱ्यांच्या बाजूलाही मला उभं राहायचं नाही. आणि सगळ्यांत जास्त राग मला येतो तो आपल्याच लोकांच्या कमेंट्सचा. परदेशातल्या कुठल्याशा चौकात चार भारतीय नाचल्याचा रील आला, की खाली ‘शरम वाटते भारतीय असल्याची’ लिहिणारे कोण असतात? आपणच. तिथे त्यांनी रस्ता अडवला का, कुणाची झोप मोडली का, हे कुणी बघत नाही. गोरी माणसं काय म्हणतील, एवढाच प्रश्न. रस्ता अडवला असेल तर जरूर झापा. नुसतेच नाचले असतील तर नाचू द्या की! इंग्लंडचे फुटबॉल फॅन्स दुसऱ्या देशात जाऊन रात्रभर गातात, तेव्हा मँचेस्टरमधली कुणी मावशी आपल्या भाचीला ‘हळू बोल, सगळ्या ब्रिटिशांचं नाव होईल’ असं सांगत असेल, असं मला तरी वाटत नाही.

मावशीला मी दोष देत नाही. तिने वीस वर्षांत काय काय ऐकून घेतलं असेल ते तिचं तिला माहीत. ती भीती हवेतून येत नाही. फक्त ती भीती मला वारसाहक्काने नकोय, आणि मावसभावालाही मिळू नये असं वाटतं. तो तर तिथेच जन्मलाय. त्याने कुणाला घाबरून कुजबुजायचं?

रात्री फटाक्यांचा शो संपल्यावर पार्किंगकडे जाणाऱ्या फेरीबोटीत आम्हाला पुन्हा पोपटी टी-शर्ट भेटले. ओळखू येईनात, इतके गप्प. निम्मे एकमेकांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेले, कुणी चपला हातात घेतलेल्या. झेंडेवाला दादा बोटाने डोकी मोजत होता, एकदा, मग चुकलं म्हणून पुन्हा. आईने शेवटी धीर करून दशम्यांचा डबा उघडला आणि मावशीसकट सगळ्यांनी खाल्ल्या.

मावसभाऊ माझ्याजवळ सरकला. दुपारचं बोलणं त्याने ऐकलं होतं. ‘‘ताई, तुमच्या त्या नाटकाच्या कॉम्पिटिशनमध्ये काय ओरडतात?’’ मी सांगितलं. पहिली ओळ तू म्हणायचीस, उत्तर मी देणार. त्याने आपल्या अमेरिकन मराठीत, डोळे मिचकावत, बऱ्यापैकी मोठ्याने विचारलं, ‘‘अरे, आवाज कुणाचा?’’

मी आधी मावशीकडे पाहिलं.