कांद्याचें सूप आणि आत्या

तीन वर्षांपूर्वीं याच सदरांत मीं फ्रेंच लोकांच्या कांद्याच्या सुपाची मोठी तारीफ केली होती, व शाकाहारी मनुष्यानें पॅरिसमध्यें निर्धास्तपणें मागवावा असा हा पदार्थ आहे, असें प्रशस्तिपत्रही त्यास देऊन टाकलें होतें. वाचकांपैकीं कित्येकांनीं तें खरें मानलें असेल. तें खरें नव्हतें. हें मला कसें उमगलें, तें आज सांगावयाचें आहे. न सांगितल्यास आत्या मला सोडणार नाहीं, हेंही एक कारण आहेच.

गेल्या वैशाखांत मुलाच्या बिऱ्हाडीं आम्ही पॅरिसला गेलों, तेव्हां आत्या बरोबर होती. वय एकोणऐंशी, नऊवारी लुगडें, त्यावर नातवाचा लोकरी कोट, आणि चालण्याचा उत्साह आम्हां दोघांहून अधिक. २०१९ सालीं आगींत सांपडलेलें व २०२४ च्या डिसेंबरांत पुन्हां उघडलेलें नॉत्र दामचें भव्य देवालय पाहून आम्ही सीन नदीच्या डाव्या तीराला आलों, तों दिवेलागण झाली होती. जवळच्या एका गल्लींत माझ्या ओळखीचें एक लहानसें बिस्त्रो होतें. तेथेंच जेवावें असें ठरलें.

बिस्त्रो म्हणजे आपली खाणावळ आणि उपाहारगृह यांच्या मधली कांहींशी वस्तु. सन १८१४ मध्यें पॅरिसमध्यें शिरलेले रशियन शिपाई आपल्या भाषेंत ‘लवकर, लवकर’ म्हणून ओरडत, त्यावरून हें नांव पडलें, अशी कथा तेथील वाटाडे हौसेनें सांगतात. परंतु छापील फ्रेंचमध्यें हा शब्द १८८० नंतरच आढळतो; मधलीं सत्तर वर्षें तो कोठें दडून बसला होता, याचें उत्तर त्या कथेजवळ नाहीं. असो. आम्ही शिरलों तें घर या जातीचा उत्तम मासला होतें: दाराशीं जस्ताच्या पत्र्यानें मढविलेला उंच कट्टा, भिंतीवर खडूनें पदार्थ लिहिलेला फळा, मेजांवर कागदी आच्छादनें. त्या देशांत दुकानांत पाऊल टाकतांच प्रथम नमस्कार म्हणावयाचा, मग काय तें मागावयाचें; हा शिष्टाचार आत्याला न शिकवितां साधला. तिनें हात जोडले, आणि पिकल्या मिशांच्या वाढप्यानें मान लवविली. पाव व साधें पाणी विनामूल्य येतें, हें ऐकून तिला विशेष संतोष वाटला.

मीं ऐटींत कांद्याचें सूप मागविलें. हें सूप एके काळीं पॅरिसच्या ‘ले हाल’ या जुन्या मंडईचें अन्न म्हणून प्रसिद्ध होतें. रात्रभर ओझीं वाहणारे हमाल पहांटे तें ऊन ऊन पीत. १९६९ सालीं ती घाऊक मंडई शहराबाहेर रुंजिस येथें हलविण्यांत आली; सूप मात्र शहरांतच राहिलें. पातळ चिरलेला कांदा लोण्यांत मंदाग्नीवर तांबूस होईपर्यंत परतावयाचा, त्यांत रस्सा ओतावयाचा, वर पावाची चकती व किसलेलें चीज घालून भट्टींत खरपूस करावयाचें. हें सर्व मीं आत्याला रसभरित वर्णन करून सांगत होतों. ‘रस्सा’ या शब्दापाशीं मात्र माझी जीभ भरभर पुढें गेली.

वाढपी गेला नाहीं. आत्याकडे पाहून त्यानें हळूच मला विचारलें, “या बाई मांस खातात का?” मीं नाहीं म्हणतांच तो म्हणाला, “तर मग हें सूप नको. आमचा रस्सा गाईबैलांच्या हाडांचा असतो.”

आत्याला अर्थातच यांतलें अक्षर कळलें नाहीं. मुलाला कळलें, त्यानें खालीं पाहिलें. सूप संपलें आहे, एवढें म्हणून मोकळें होतां आलें असतें, व क्षणभर तसें करण्याचें मनांतही आलें. पण तो भला मनुष्य समोर उभा होता. मीं जसेंच्या तसें सांगितलें.

आत्या बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, “तूं किती वेळां खाल्लेंस?”

“पुष्कळदां.”

“आणि कधीं विचारलें नाहींस?”

“नाहीं.”

“म्हणजे तुला ठाऊक होतें.”

यावर मला उत्तर सुचलें नाहीं. आजही सुचत नाहीं. दहा-बारा वर्षें कामानिमित्त मी तेथें जात होतों, आणि तो एक प्रश्न विचारण्याइतकें फ्रेंच मला पहिल्या वर्षींच येत होतें.

आतां ती उठून चालूं लागेल असें मला वाटलें. ती उठली नाहीं. “त्यानें आपण होऊन सांगितलें, त्याचा काय अपराध? त्याला विचार, माझ्यासारखीला काय देईल,” असें म्हणून ती पावाचा तुकडा मोडूं लागली.

मालकीणबाई स्वतः आल्या. तयार असलेल्या मसुरींत डुकराच्या मांसाचे तुकडे होते, म्हणून निराळें भांडें चढवितें, वीस-पंचवीस मिनिटें थांबा, असें त्या म्हणाल्या. ल प्वी गांवाच्या ज्वालामुखी मुलखांतली ही हिरवी मसूर. १९९६ पासून तिच्या नांवाला कायद्याचें संरक्षण आहे, आणि ती भिजत घालावी लागत नाहीं. चीजविषयीं या वेळीं मीं न चुकतां विचारलें. दूध वासराच्या जठरांतील रेनेटनें विरजलेलें आहे असें कळलें, तेव्हां तेंही गेलें.

मसूर आली ती तेल, शिरका व मोहरी यांत कालवून. “श्राद्धाला मसूर चालत नाहीं, पण आज कांहीं श्राद्ध नाहीं,” असें स्वतःशींच म्हणत आत्यानें पहिला घांस घेतला, आणि नाकांत झिणझिण्या आल्याबरोबर तिचा चेहरा उजळला. “अरे, ही तर फेसलेली मोहरी!” मालकीणबाईंना हें समजावून सांगतांना माझ्या फ्रेंचची पुरती त्रेधा उडाली, तरी दोघीजणी एकमेकींचा हात धरून हंसत होत्या, तेव्हां बहुधा समजलें असावें. आत्यानें ताटली पावानें निपटून खाल्ली. माझ्याशीं मात्र ती घरीं पोंचेपर्यंत बोलली नाहीं.

ज्यांनीं माझ्या भरंवशावर परदेशांत तें सूप घेतलें असेल, त्यांची मी क्षमा मागतों. ज्यांना तें घरीं करावयाचें असेल त्यांच्यासाठीं आमच्या येथें ठरलेली रीत देतों. अर्धा शेर कांदा उभा पातळ चिरून लोण्यावर पाऊणएक तास मंद आंचेवर, काकवीचा रंग येईपर्यंत परतावा. घाई केल्यास करपतो व कडू होतो. रस्शाच्या जागीं हरभऱ्याच्या डाळीचा कट घालावा, मीठमिरें घालून उकळावें, वर भाजलेला पाव. चीज घालणें तर वेष्टनावरचा हिरवा ठिपका पाहून घालावें. पुरणाच्या दिवशीं कट आयताच मिळतो. आम्हीं तें होळीला केलें. आत्यानें एक वाटी चाखून पाहिलें व म्हणाली, “एवढ्यासाठीं पॅरिस कशाला? ही कटाची आमटीच. फोडणी तेवढी विसरलांत.”