ओळखीचा आवाज

आम्ही मराठीचे प्राध्यापक भयकथेला नेहमी दुसऱ्या पंगतीला बसवतो. म्हणूनच एका विद्यार्थ्याच्या बाकावरून नारायण धारपांची 'लुचाई' मी उचलली, तेव्हा माझा आविर्भाव चोर पकडल्याचा होता. ती घरी कशाला आणली, हे मात्र विचारू नका!

धारप (१९२५–२००८) म्हणजे मराठी भयकथेतले मोठे नाव. 'लुचाई' बेतली आहे स्टीफन किंगच्या १९७५ सालच्या 'सालेम्स लॉट'वर, आणि त्या घराण्याचा मूळपुरुष ब्रॅम स्टोकरचा १८९७ सालचा 'ड्रॅक्युला'. पण धारपांच्या हाती पडल्यावर हा परदेशी पाहुणा आपल्याच आळीतून चालत येतो आहे असे वाटू लागते. या घराण्याचा एक जुना कुळाचार आहे: घरातल्या कोणी 'या' म्हटल्यावाचून त्याला उंबरा ओलांडता येत नाही. म्हणून तो ओळखीच्या माणसाचे रूप घेऊन येतो.

आषाढातली रात्र. मंडळी माहेरी गेलेली. जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्यात आता दोनच बिऱ्हाडे उरली आहेत. वर आम्ही, खाली एकट्या काकू. साडेबाराला वीज गेली. शहाण्या माणसाने झोपावे. मी मेणबत्ती लावून वाचत राहिलो. इतक्यात जिना करकरला. दारावर थाप पडली.

"मास्तर, जागे आहात का?"

आवाज काकूंचा. हुबेहूब काकूंचा! आणि तीच तर भीती होती. चाळीस उलटलेला, एम. ए. झालेला मी श्वास रोखून बसून राहिलो. थोड्या वेळाने पावले सावकाश उतरून गेली.

सकाळी नळावर काकू भेटल्या. म्हणाल्या, "काल काडेपेटीच सापडेना हो. तुमच्या दाराच्या फटीतून उजेड दिसला म्हणून गुडघे धरत वर आले. वाचता वाचता डोळा लागला असेल तुमचा."

"हो, लागला खरा," मी म्हणालो.

त्या म्हातारीने सारी रात्र अंधारात काढली, आणि वर मला सबबही तिनेच दिली. पुस्तकातला पाहुणा दाराबाहेर राहिला, पण दारामागे कोण बसले होते?

पुस्तक परत देताना विद्यार्थ्याने भीत भीत विचारले, "सर, कसं वाटलं?"

"भीती वाटली," मी म्हणालो. कशाची, ते त्याला सांगितले नाही. वाचकहो, तुम्हांला सांगितले. काकूंना सांगणे अजून बाकी आहे. या दिवाळीत फराळाचे ताट घेऊन खाली जाईन, तेव्हा सांगावे म्हणतो.