बातमी पोहोचली, निकाल पोहोचला का?

मार्च 2020 च्या अखेरीस दिल्लीच्या मरकजची बातमी आली. मग कित्येक दिवस वाहिन्यांवर कोरोना आणि मुसलमान ही नावे जोडीनेच ऐकू आली. मालवणहून आमच्या एका विद्यार्थ्याने फोनवर विचारले, “सर, आजार आपणच आणला का?”

21 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 29 परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द केले. त्यांना बळीचा बकरा केले असावे, असे म्हणत माध्यमांतील अपप्रचारावरही बोट ठेवले.

हा निकाल आम्ही मुलांना समजावून सांगतो. सोबत सूरह हुजुरातची सहावी आयतही: बातमी आली की आधी खातरजमा करा. शेजारच्या वाडीबद्दलचा मेसेज पुढे ढकलताना आपण तरी तेवढे थांबतो का?