बनविलेली म्हणून बनावट?

मनुष्यानें बुद्ध्या रचलेली भाषा ही भाषाच नव्हे, तिचे धडे गिरविणें म्हणजे निव्वळ कालापव्यय, असें मत आमच्या विद्वन्मंडळींत फार दिवस रूढ आहे. एस्परांटोचें नांव निघालें कीं हे गृहस्थ स्मित करितात आणि विषय पालटतात. हें स्मित अज्ञानाचें आहे. जिचा एकही पाठ उघडला नाहीं तिला कृत्रिम म्हणून धिक्कारावयाचें, आणि त्याच तोंडानें ‘दिनांक’, ‘महापौर’ हे सावरकरांनीं घडविलेले शब्द बिनदिक्कत वापरावयाचे, हा कोठला न्याय?

वाईच्या प्राज्ञपाठशाळेंत १९१७ सालीं नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशीं विनोबांनीं वेदान्ताचें अध्ययन केलें. तेच विनोबा, १९५१ सालीं सुरू झालेल्या भूदानयात्रेच्या काळांत, देशांतल्या अनेक भाषा अवगत असतांही, एस्परांटोचे पहिले धडे घेऊं लागले. सातारा जिल्ह्यांत त्या पाठशाळेचा अभिमान सांगणारे पुष्कळ. ही दुसरी गोष्ट सांगणारा विरळा.

डॉ. झामेनहोफ यांनीं १८८७ सालीं वॉर्सा येथें या भाषेचें पहिलें पुस्तक छापलें. मूळ व्याकरण अवघ्या १६ नियमांचें. नाम ओकारान्त, विशेषण आकारान्त. ‘डोमो’ म्हणजे घर, ‘डोमोय’ म्हणजे घरें. ‘लेर्नास’ शिकतो, ‘लेर्निस’ शिकला, ‘लेर्नोस’ शिकेल. कर्ता कोणीही असो, रूप तेंच. ‘बोना’ म्हणजे चांगला, त्यामागें ‘माल’ लावला कीं वाईट. इतकें आठवडाभरांत हातीं येतें, आणि शब्दाचें मूळ कोठें संपतें व प्रत्यय कोठें लागतो हें शिकणाऱ्यास डोळ्यांनीं दिसूं लागतें. आमच्या शाळांत व्याकरण वर्षानुवर्षें घोकवूनही नेमकें हेंच साधत नाहीं.

याची गरज कोणास, असें कोणी विचारील, तर त्यानें सांगली जिल्ह्यांतील जत तालुक्याकडे पाहावें. तेथें अनेक मुलांची घरची भाषा कानडी. तींत भिंत, वीट, दगड, घर हीं चारही नपुंसकलिंगीं. मराठींत पाऊल ठेवतांच भिंत व वीट स्त्रिया होतात, दगड पुरुष होतो, घर तेवढें नपुंसक राहतें. शिवाय भिंतीचें अनेकवचन ‘भिंती’, विटेचें ‘विटा’! मूल चुकतें आणि मंदबुद्धि ठरतें. दोष भाषेच्या वळणाचा, शिक्षा मुलास. २००० सालापासून राज्यांत पहिलीपासून इंग्रजी आली. २०२५ सालीं पहिलीपासून हिंदी आणण्याचा निर्णय निघाला, गाजला, आणि जूनअखेर मागें घ्यावा लागला. कोणती भाषा शिकवावी यावर एवढी हमरीतुमरी; पण भाषा म्हणून कांहीं शिकणें म्हणजे काय, हें मुलास कोण उलगडून दाखविणार, याची फारशी कोणास फिकीर दिसली नाहीं.

एस्परांटोच्या भक्तांचेंही आम्हांस सारें पटतें असें नाहीं. ती सर्व जगाची तटस्थ भाषा, हा दावा पोकळ आहे. तिचे बहुतेक शब्द युरोपांतले. ‘पात्रो’ म्हणजे बाप, आणि त्यास प्रत्यय जोडून ‘पात्रिनो’ म्हणजे आई! आईला बापापासून घडविणारी ही रीत आमच्या ओव्या रचणाऱ्या बायांनीं हंसण्यावारी नेली असती. (‘पितृ’ शब्द जाणणाऱ्या शास्त्रीबोवांस मात्र ‘पात्रो’ परका वाटूं नये.) राष्ट्रसंघांत १९२२ सालीं फ्रान्सच्या विरोधापुढें तिचें कांहीं चाललें नाहीं. तेव्हां ती उद्यां जगाची भाषा होईल म्हणून शिका, असें आम्ही म्हणत नाहीं.

आमचें म्हणणें अध्यापकांपुरतें आहे. साताऱ्यासांगलीच्या अध्यापक विद्यालयांत सहा आठवडे, रोज अर्धा तास, हिचे पाठ व्हावेत. विटेच्या अनेकवचनावरून जतच्या पोरास रागें भरण्यापूर्वीं मास्तरानें स्वतः एका नवख्या भाषेच्या पहिल्या पाठावर बसून पाहावें. त्यास ना निराळी इमारत लागते, ना मोठा खर्च; १६ नियम वहीच्या चार पानांत मावतात.