सायकल गिअरची हवी की कॅरिअरची?

एकेकाळी ‘सायकलींचे शहर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात आता गिअरच्या सायकली रविवारी सिंहगडाकडे धावतात आणि सोमवारी पार्किंगमध्ये उभ्या राहतात. कारण साधे आहे. यातल्या बहुतेकींना मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर काहीच नसते. पाठीवर चिखल आणि पँटला ग्रीस लागले, की ऑफिसला स्कूटरच बरी वाटते.

उपाय फार खर्चाचा नाही : मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, डबल स्टँड, घंटी, पुढे-मागे दिवे. मंडईची पिशवी हँडलला लटकवू नका. तोल जातो, पिशवी चाकात अडकते. जड सामान मागे, खाली आणि दोन्ही बाजूंना सारखे हवे.

महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. सलग मार्ग हवेतच. पण त्यावरून डबा आणि भाजी नेणारी सायकलही हवी.